बदनाम रिळांचा इतिहास

जपानी सिनेमा म्हटला की आपल्याकडच्या जाणकार रसिकांच्या तोंडी तीन नावे हमखास येतात: अकिरा कुरोसावा, यासुजिरो ओझू आणि केंजी मिझोगुची. 1951 साली व्हेनिसच्या महोत्सवात कुरोसावांच्या 'राशोमोन'ला सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि जगाला जपानी सिनेमाची ओळख झाली, असे आम्ही वाचत आलो आहोत. यात खोटे काही नाही. परंतु ही कहाणी पूर्णही नाही. 1962 पासून पुढे जपानमध्ये आणखी एका जातीचा सिनेमा हजारोंच्या संख्येने निघत होता. तो स्वस्त होता, घाईने बनवलेला होता, उत्तान आणि हिंसक होता. इंग्रजीत त्याला 'एक्स्प्लॉइटेशन सिनेमा' म्हणतात. माणसाच्या कमकुवत वासनांवर गल्ला भरणारा सिनेमा, असा त्याचा सरळ अर्थ. आपण त्याला गल्लाभरू सिनेमा म्हणू.

अशा विषयाला या वार्षिकाची पाने का द्यावीत, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. तो रास्त आहे. हे चित्रपट पाहावेत अशी शिफारस आम्ही करीत नाही. आमचा विषय त्या चित्रपटांच्या मागाहून घडलेला आहे. ज्या गोष्टीची समाजाला लाज वाटते, तिचा इतिहास कोण जपतो? जो जपतो तो काय ठेवतो आणि काय टाकून देतो? आणि त्या निवडीमुळे कोणाची नावे पुसली जातात? जपानच्या या बदनाम रिळांनी हे प्रश्न जितक्या स्पष्टपणे समोर आणले तितके क्वचितच कोणी आणले असतील.

धंदा कसा सुरू झाला

1958 साली जपानमध्ये सिनेमाची सुमारे 112 कोटी तिकिटे विकली गेली. तो उच्चांक होता. त्यानंतर घराघरांत दूरचित्रवाणी आली. 1959 मधले युवराजांचे लग्न आणि 1964 चे टोकिओ ऑलिंपिक लोकांनी घरी बसून पाहिले. 1970 पर्यंत तिकिटांची संख्या सुमारे 25 कोटींवर घसरली. बारा वर्षांत चार प्रेक्षकांपैकी तीन गेले. शिन्तोहो ही मोठी कंपनी 1961 मध्ये बुडाली आणि दाइएइ 1971 मध्ये.

शिन्तोहोचे माजी प्रमुख मित्सुगु ओकुरा यांनी मग स्वतःची लहान कंपनी काढली. तिने 1962 मध्ये 'निकुताई नो इचिबा' म्हणजे 'देहाचा बाजार' हा चित्रपट आणला. दिग्दर्शक होते सातोरू कोबायाशी. पोलिसांनी तो जप्त केला, काटछाट झाली, आणि या गाजावाजामुळेच त्याने भरपूर पैसा मिळवला. पुढच्या वर्षी एका पत्रकाराने अशा चित्रपटांना 'पिंक' हे नाव दिले आणि तेच रूढ झाले. एका पिंक चित्रपटाला साधारण तीस लाख येन खर्च येई. आठवड्याच्या आत चित्रीकरण उरके. लांबी तासाभराची असे आणि एका तिकिटात असे तीन चित्रपट दाखवीत. रंगीत फिल्म महाग असल्याने बराचसा चित्रपट कृष्णधवल आणि गल्ला खेचणारे प्रसंग तेवढे रंगीत, अशीही काटकसर असे. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात असे चित्रपट वर्षाला दोनशेच्या आसपास निघत होते.

हे यश पाहून मोठ्या कंपन्याही त्या वाटेने गेल्या. तोएई कंपनीने गुंड मुली, तुरुंग आणि सूड यांवरचे चित्रपट काढले. 1912 मध्ये स्थापन झालेली निक्कात्सु ही जपानमधली सर्वांत जुनी कंपनी. तिने नोव्हेंबर 1971 मध्ये आपला जवळजवळ सारा कारखाना उत्तान चित्रपटांकडे वळवला. ही मालिका 1988 पर्यंत चालली आणि तिच्यात सुमारे 1100 चित्रपट निघाले.

कचेरी आणि कलंक

जपानच्या दंडसंहितेचे 175 वे कलम अश्लीलतेविरुद्ध आहे. तेत्सुजी ताकेची हे मुळात काबुकी रंगभूमीचे दिग्दर्शक. त्यांच्या 1965 मधल्या 'कुरोई युकी' म्हणजे 'काळा बर्फ' या चित्रपटावर खटला भरला गेला. चित्रपटाची पार्श्वभूमी अमेरिकी लष्करी तळाची होती. परक्या फौजेखाली दबलेल्या देशाचे हे चित्र आहे आणि म्हणूनच सरकारला ते खुपते, असा ताकेचींचा दावा होता. 1967 मध्ये खालच्या न्यायालयाने आणि 1969 मध्ये वरच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. 1972 मध्ये निक्कात्सुवर पोलिसांचे छापे पडले. त्या खटल्यात चित्रपटांना मंजुरी देणाऱ्या 'एइरिन' या संस्थेचे परीक्षकही आरोपी होते. 1978 मध्ये सारे सुटले आणि 1980 मध्ये वरच्या न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला.

उर्दूशी नाते असलेल्या वाचकांना हे वाचताना सआदत हसन मंटो आणि इस्मत चुगताई यांचे खटले आठवल्यावाचून राहणार नाहीत. मंटोंवर फाळणीपूर्वी तीन आणि फाळणीनंतर पाकिस्तानात तीन खटले झाले. 'लिहाफ'साठी इस्मत आपांना लाहोरच्या कचेरीत उभे राहावे लागले. आम्ही मंटोंच्या कथा आणि पिंक चित्रपट यांना एका तराजूत तोलत नाही. दोन्हींच्या दर्जात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मात्र एक फरक लक्षात घेण्याजोगा आहे. पुस्तकाच्या हजार प्रती निघतात आणि एखादी कुठल्यातरी कपाटात राहून जाते. चित्रपटाच्या मोजक्याच प्रिंट असतात. त्या गेल्या की सारेच गेले. मग खटला अन्यायाचा होता की न्यायाचा, हे ठरवायला पुढच्या पिढीच्या हाती पुरावाच राहत नाही.

कलंकाचे सर्वांत गाजलेले प्रकरण कोजी वाकामात्सु यांचे. 1965 च्या बर्लिन महोत्सवात त्यांचा 'भिंतीआडची गुपिते' हा चित्रपट दाखवला गेला. देशाचे प्रतिनिधित्व एका पिंक चित्रपटाने करावे यावर जपानमध्ये काहूर उठले आणि तो 'राष्ट्रीय लांच्छन' ठरला. वाकामात्सुंनी त्याच वर्षी आपली स्वतंत्र संस्था काढली. तिथे उत्तान चित्रपटांच्या आडून युद्ध, सत्ता आणि विद्यार्थी चळवळ यांवर भाष्य होऊ लागले. त्यांचे सहकारी मासाओ आदाची 1971 मध्ये कान महोत्सवाहून परतताना वाकामात्सुंसह लेबनॉनमध्ये थांबले आणि दोघांनी तिथे फिलिस्तिनी लढवय्यांवर माहितीपट बनवला. आदाची पुढे 1974 मध्ये कायमचे तिकडे गेले आणि 2000 मध्ये त्यांना जपानला परत पाठवण्यात आले. ज्या बर्लिनमध्ये वाकामात्सु लांच्छन ठरले होते, तिथेच 2010 मध्ये त्यांच्या 'कॅटरपिलर' या युद्धविरोधी चित्रपटासाठी शिनोबू तेराजिमा यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले.

इतरही नावे आहेत. 2009 मध्ये 'डिपार्चर्स'साठी जपानला ऑस्कर मिळवून देणारे योजिरो ताकिता पिंक चित्रपटांतूनच वर आले. 'शॅल वी डान्स?'चे मासायुकी सुओ आणि कियोशी कुरोसावा यांची सुरुवातही तिथलीच. मोठ्या कंपन्यांनी नवे सहायक घेणे बंद केले होते आणि तरुणांना हात चालवायला हाच एक उंबरठा उरला होता. तेव्हा 'राशोमोन'च्या वाटेने जाणारा इतिहास जपानी सिनेमाची एक मोठी शाळाच वगळतो.

रिळे कुठे गेली

'देहाचा बाजार' या पहिल्या पिंक चित्रपटाचा आज जपानच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात सुमारे वीस मिनिटांचाच भाग उरला आहे. पहिल्याची ही गत, तर बाकीच्यांचे काय झाले असेल? पिंक चित्रपटाच्या थोड्याच प्रिंट काढीत. त्या मोठ्या शहरातून लहान गावात, तिथून आणखी लहान गावात फिरत. ओरखडे पडत, तुकडे कापले जात, शेवटी रीळ चालेनासे होई. कंपन्या बुडत आणि गोदामाचे भाडे भरायला कोणी उरत नसे. त्या काळच्या ॲसिटेट फिल्मला ऊब आणि दमट हवा सोसत नाही. ती कुजू लागली की सिरक्यासारखा आंबूस वास येतो, फिल्म आक्रसते आणि मग तिला वाचवणे कठीण होते. सरकारी संग्रहालयाने जे 'कलेचे' ते आधी जपले. कंपन्यांनी जे पुन्हा विकता येईल ते जपले. उरलेले बेवारस राहिले.

संग्राहकांचा हातभार

या बेवारस मालाला वारस मिळाले ते संग्राहक. टोकिओच्या जिम्बोचो भागात जुन्या पुस्तकांच्या दुकानांची दाटी आहे. तिथे चित्रपटांची पोस्टर, माहितीपत्रके आणि छायाचित्रे विकत मिळतात. जपानी पोस्टरचा ठरलेला आकार सुमारे 51 बाय 73 सेंटिमीटर. चित्रपटगृहात आठवडाभर लावून फेकून देण्यासाठी छापलेला हा कागद संग्राहकांनी जपला. चित्रपट नष्ट झाला असला तरी त्याच्या पोस्टरवरून नाव, कंपनी, कलावंत यांचा पत्ता लागतो. कित्येक चित्रपट आज अशा कागदांपुरतेच उरले आहेत. ओसाका आणि पुढे कोबे येथे योशिओ यासुई यांनी खासगी प्रयत्नांतून चित्रपटांचा मोठा संग्रह उभा केला. तो आज 'कोबे प्लॅनेट फिल्म आर्काइव्ह' म्हणून ओळखला जातो.

परदेशी संग्राहकांनीही मोठे काम केले. आधी हातोहात फिरणाऱ्या व्हिडिओ कॅसेट आणि मग डीव्हीडी. तेरुओ इशी यांचा 1969 सालचा एक भयपट याचे चांगले उदाहरण आहे. शारीरिक व्यंग असलेल्या माणसांविषयीच्या शीर्षकामुळे आणि आशयामुळे तो जपानमध्ये अनेक दशके घरगुती स्वरूपात निघालाच नाही. अमेरिकेत त्याची डीव्हीडी 2007 मध्ये आली आणि खुद्द जपानमध्ये 2017 मध्ये. दहा वर्षे जपानी माणसाला आपल्या देशाचा चित्रपट परदेशातून मागवावा लागत होता.

याच काळात क्वेंटिन टॅरंटिनो यांच्या 'किल बिल'ने (2003 आणि 2004) मेइको काजी यांची दोन जुनी गाणी जगभर पोहोचवली. काजी 1972 च्या 'स्कॉर्पिअन' आणि 1973 च्या 'लेडी स्नोब्लड'च्या नायिका. निक्कात्सु उत्तान चित्रपटांकडे वळताच त्यांनी ती कंपनी सोडली होती. 'स्कॉर्पिअन' ज्या चित्रकथेवर बेतला होता, तिच्यातल्या नायिकेची भाषा शिवराळ होती. काजींनी ती बोलायला नकार दिला आणि ही कैदी स्त्री जवळजवळ मुकी ठेवावी असे सुचवले. त्या मौनातून आणि रोखलेल्या नजरेतून ती भूमिका उभी राहिली. गल्लाभरू चित्रपटातही एका नटीचा नकार कलाकृती घडवू शकतो, हे यातून दिसते.

इथवर संग्राहकांचे ऋण मान्य करायलाच हवे. त्यांच्याशिवाय इतिहासकाराच्या हाती फारच थोडे राहिले असते.

संग्राहकाची नजर

पण संग्राहक त्याला आवडते ते जमवतो. तो त्याचा हक्कही आहे. अडचण तेव्हा होते, जेव्हा त्याचे कपाट हाच इतिहास मानला जातो. तोएईच्या गुंड मुलींच्या चित्रपटांना आज जगभर 'पिंकी व्हायोलन्स' म्हणतात. हे नाव रुळण्यात 2005 मध्ये अमेरिकेत याच नावाने निघालेल्या डीव्हीडी संचाचा मोठा वाटा आहे. हे चित्रपट मोठ्या कंपनीचे, रंगीत, चकचकीत. त्यांची पोस्टर देखणी. ते विकले गेले, जपले गेले, त्यांवर लिहिले गेले. लहान कंपन्यांच्या कृष्णधवल पिंक चित्रपटांना गिऱ्हाईक मिळाले नाही. त्यामुळे नव्या वाचकाला वाटते की सत्तरच्या दशकातला बदनाम जपानी सिनेमा म्हणजे हातात तलवार घेतलेली सुंदर स्त्री.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. पोस्टरवर स्त्रीचा चेहरा आणि देह असतो. संग्राहकाने तेच जपले. तामाकी कातोरी ही 'देहाचा बाजार'ची नायिका सहाशेहून अधिक चित्रपटांत दिसली असे सांगितले जाते. तिचे चेहरे उरले. पण तिला मेहनताना काय मिळाला, कोणत्या कामाला ती नाही म्हणू शकत होती, घरी-दारी तिला काय ऐकावे लागले, हे पोस्टर सांगत नाही. कित्येक चित्रपटांत स्त्रीवरचा अत्याचार करमणूक म्हणून विकला आहे. तो 'विंटेज' या गोड शब्दाखाली झाकून ठेवणे म्हणजे शोषणावर दुसऱ्यांदा गल्ला भरणे होय.

इतिहासकार काय शोधतात

इतिहासकारांचे काम इथून सुरू होते. परदेशी अभ्यासकांनी आधी या सिनेमाकडे तुच्छतेनेच पाहिले. जपानी सिनेमा पश्चिमेला समजावून सांगणाऱ्या डोनाल्ड रिची यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला यावर निबंध लिहिला, पण त्यात या चित्रपटांची किंमत फारशी धरली नाही. जपानमध्ये मात्र 'किनेमा जुन्पो' या जुन्या नियतकालिकाने तात्सुमी कुमाशिरो यांचे निक्कात्सु चित्रपट वर्षातल्या उत्तम दहांत धरले होते. पुढे रोलंड डोमेनिग यांनी 2002 मध्ये विस्तृत निबंध लिहिला, जॅस्पर शार्प यांचा 'बिहाइंड द पिंक कर्टन' हा ग्रंथ 2008 मध्ये आला, आणि आबे मार्क नॉर्नेस यांनी संपादित केलेले 'द पिंक बुक' 2014 मध्ये. या मंडळींनी कंपन्या, चित्रपटगृहे, कायदा, प्रेक्षक, खर्च यांची चौकशी केली. तेव्हा पोस्टरच्या मागची माणसे दिसू लागली. त्यातली दोन उदाहरणे आम्हांला फार महत्त्वाची वाटतात.

पहिले साची हामानो यांचे. सत्तरच्या दशकाच्या आरंभी त्या दिग्दर्शक झाल्या. मोठ्या कंपन्यांची दारे स्त्रीला बंद होती म्हणून त्या पिंक चित्रपटांत आल्या आणि तिथे त्यांनी तीनशेहून अधिक चित्रपट केले. नव्वदच्या दशकात टोकिओच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात सांगण्यात आले की सर्वांत जास्त चित्रपट करणाऱ्या जपानी स्त्री-दिग्दर्शक म्हणजे किनुयो तानाका, एकूण सहा चित्रपट. सहा मोजले गेले, तीनशे मोजलेच गेले नाहीत. हामानोंनी मग 1998 मध्ये मिदोरी ओसाकी या विस्मृतीत गेलेल्या लेखिकेवर पिंक नसलेला चित्रपट केला, मोजणीत यावे म्हणून.

दुसरे केइको सातो यांचे. कोकुएइ या कंपनीच्या चित्रपटांवर निर्माता म्हणून 'दाइसुके आसाकुरा' हे पुरुषाचे नाव झळके. ते नाव धारण करणारी व्यक्ती होती केइको सातो ही स्त्री. अनेक तरुण दिग्दर्शकांना तिने पहिली संधी दिली. 2018 मध्ये बर्लिन महोत्सवाच्या फोरम विभागात तिच्या सन्मानार्थ तीन चित्रपट दाखवले गेले, आणि तिच्या खऱ्या नावाने. वाकामात्सुंच्या 'लांच्छना'नंतर 53 वर्षांनी त्याच शहरात हे घडले. संग्राहकाकडे 'आसाकुरा' हे नाव छापलेले कागद शेकड्यांनी असतील. त्या नावामागे कोण, हे विचारायला इतिहासकार लागतो. आणि तो कागदच नसता तर विचारणार तरी कशावरून?

आपल्यासाठी काय?

आता हा सिनेमा सन्मानाच्या जागी पोहोचला आहे. नोबोरू तानाका यांचा 1974 सालचा निक्कात्सु चित्रपट 2022 मध्ये व्हेनिस महोत्सवात जुन्या अभिजात चित्रपटांच्या विभागात झळकला. ज्या व्हेनिसने 'राशोमोन'ला गौरवले, तिथेच. हे ऐकून काहींना आनंद होईल, काहींना संताप येईल. दोन्ही प्रतिक्रिया आम्ही समजू शकतो. आमचे म्हणणे एवढेच की जतन करणे आणि पसंती देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न्यायालय गुन्ह्याचा पुरावा जपून ठेवते, ते गुन्हा आवडतो म्हणून नव्हे. शोषण झाले असेल तर त्याची साक्षही याच रिळांत आहे. रिळे जाळली तर शोषण करणारा सुटतो आणि शोषित पुन्हा एकदा बेनाम होतो.

आम्ही शाळेत इतिहास शिकवताना मुलांना साधनांचे प्रकार सांगतो: भौतिक, लिखित, मौखिक आणि आता दृक्-श्राव्य. राज्याच्या दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात 2018 मध्ये 'मनोरंजनाची माध्यमे आणि इतिहास' असा धडाही आला. मग प्रश्न येतो की साधन सभ्य असले तरच ते साधन का? आपल्याच घरात पाहा. 1931 मध्ये मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात झळकलेल्या 'आलम आरा' या पहिल्या बोलपटाची एकही प्रिंट आज नाही. भारतातल्या पहिल्या स्त्री-दिग्दर्शक फातमा बेगम. त्यांचा 1926 सालचा 'बुलबुल-ए-परिस्तान' हरवला आहे. त्या काळी शरीफ घराण्यांत सिनेमात काम करणे बदनामीचेच मानले जाई. ज्या गोष्टीची लाज वाटते तिचे कागद कोणी सांभाळत नाही. परिणामी ज्या मुस्लिम स्त्रीने भारतात पहिल्यांदा दिग्दर्शकाची खुर्ची घेतली, तिचे ते काम आमच्या विद्यार्थिनींना दाखवायला आमच्यापाशी काही नाही.

साची हामानोंचे तीनशे चित्रपट मोजले गेले नाहीत तरी त्यांतले काही पाहता येतात आणि ती चूक दुरुस्त करता येते. फातमा बेगमांच्या 'बुलबुल-ए-परिस्तान'बद्दल तेही करता येत नाही. म्हणून आपल्या घरांत, कपाटांत, माळ्यांवर जे जुने कागद, छायाचित्रे, जाहिराती, ध्वनिमुद्रिका पडून असतील, ते बदनाम आहेत की नेकनाम हे ठरवण्याच्या आधी ते जपावेत. त्यांचा न्याय पुढची पिढी करील. पण न्याय करायला तिच्यापुढे पुरावा असला पाहिजे, आणि तो सांभाळणे आपल्या पिढीचे काम आहे.